'ह्यूमन आफ्टर ऑल': 2005 चे समीक्षक चुकले होते, की नंतर आपले कान बदलले?

ध्वनिवेध (मूळ प्रश्न)

नमस्कार. डाफ्ट पंक या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या फ्रेंच जोडीचे, म्हणजे तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो यांचे, चारही स्टुडिओ अल्बम मी सध्या प्रकाशनाच्या क्रमाने ऐकत आहे. 1997 चा 'होमवर्क' आणि 2001 चा 'डिस्कव्हरी' ऐकताना मला कोणाला काही विचारावेसे वाटले नाही. अडखळलो तो मार्च 2005 मध्ये आलेल्या 'ह्यूमन आफ्टर ऑल'पाशी.

दहा ट्रॅकचा, साधारण पाऊण तासाचा हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिसऱ्या ट्रॅकनंतर लक्ष उडाले. तीच गिटारची धून, तोच ठोका, तेच एखादे वाक्य यंत्राच्या आवाजात पुन्हा पुन्हा. आपलेच काही चुकत असावे असे वाटून त्या काळातली परीक्षणे शोधली, तर तिथेही मतांचा मेळ नव्हता. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर या अल्बमला शंभरपैकी 57 गुण आहेत आणि पिचफोर्क या संगीत-परीक्षणांच्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी 4.9 दिले होते. याउलट पुढच्या काळात लिहिलेले लेख वाचले की हा अल्बम काळाच्या पुढे होता आणि समीक्षकांना तो कळलाच नाही, असा सूर वारंवार भेटतो.

माझे प्रश्न दोन आहेत. 2005 मध्ये समीक्षकांचे नेमके कशावरून बिनसले होते? आणि नंतर मत बदलले ते अल्बमबद्दल बदलले, की दुसऱ्याच कशामुळे? आपली आवड-नावड जरूर सांगावी, पण तिच्यामागचे कारणही सांगावे, ही विनंती.

मंद्र

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी 'डिस्कव्हरी'मध्ये आहे. त्या अल्बमवर या जोडीने वर्षानुवर्षे काम केले होते आणि त्यात गाण्यागणिक नवे काहीतरी आहे: डिस्को, कीबोर्डचे गोड स्वरसमूह, बालपणीच्या दूरचित्रवाणीची आठवण करून देणारी चमक. त्यानंतर चार वर्षे वाट पाहिलेल्या श्रोत्याच्या हातात जे आले, ते सप्टेंबर ते नोव्हेंबर 2004 या काळात, अवघ्या सहा आठवड्यांच्या कामात उरकलेले होते. दोन गिटार, दोन ड्रम मशीन, माणसाचा आवाज यंत्रासारखा करणारा एक व्होकोडर आणि एका वेळी आठच थर साठवणारे एक ध्वनिमुद्रण यंत्र, जवळजवळ एवढ्याच सामग्रीवर सगळा अल्बम उभा आहे. मागच्या वेळी इतका वेळ घेतल्यानंतर या वेळी मुद्दाम उलट टोकाला जायचे, झटपट आणि खरखरीत काहीतरी करायचे, हा त्यांचा जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता.

समीक्षकांची फूट इथे पडली. हा निर्णय ज्यांना ऐकू आला त्यांनी अल्बमला शिस्तीचे श्रेय दिले, आणि ज्यांना केवळ सहा आठवडे ऐकू आले त्यांनी त्याला आळस म्हटले. त्यातच या जोडीने अल्बमविषयी मुलाखती देण्याचे टाळले आणि संगीतच काय ते बोलेल अशी भूमिका घेतली, त्यामुळे कोणाची शंका फिटण्याचा मार्गच उरला नाही.

आणखी एक गोष्ट पाहावी. ट्रॅकची शीर्षके ओळीने वाचली तर दूरचित्रवाणी, तिचा 'प्राइम टाइम', तंत्रज्ञान, बुद्धिभ्रम असा एक धागा दिसतो. 'ऑन/ऑफ' हा तर 19 सेकंदांचा तुकडा आहे आणि त्यात वाहिन्या बदलल्याचे आवाज आहेत. एकसुरीपणा हाच ज्या अल्बमचा विषय आहे, तो एकसुरी आहे अशी तक्रार करणे मला तरी अपुरे वाटते.

जाता जाता एक गंमत. या जोडीचे नावच मुळात एका नापसंतीतून आले आहे. त्याआधी हे दोघे 'डार्लिन' नावाच्या गिटार बँडमध्ये होते आणि 1993 मध्ये ब्रिटनच्या 'मेलडी मेकर' साप्ताहिकाने त्या बँडच्या संगीताची 'डाफ्ट' (खुळचट) आणि 'पंकी' (पंक-छापाचे) अशा शब्दांत बोळवण केली होती. तेच शब्द उचलून त्यांनी पुढे पाटी म्हणून लावले. वाईट परीक्षणाने खचून जाणारी ही माणसे नव्हेत.

साक्षेपी

मंद्र यांच्या पहिल्या दोन परिच्छेदांशी मी सहमत आहे, तिसऱ्याशी मुळीच नाही. कंटाळ्यावरची कलाकृती कंटाळवाणी असली पाहिजे हा युक्तिवाद एकदा मान्य केला की कोणत्याही निकृष्ट कामाला पळवाट मिळते. दुष्काळावरच्या कादंबरीत शब्दांचाही दुष्काळ असावा, असे आपण म्हणत नाही. एकसुरीपणाचे भान कलावंताला आहे की नाही, हे शीर्षकांवरून ठरत नाही. ते ऐकताना कळावे लागते.

उदाहरणादाखल 'रोबोट रॉक' घ्या. त्याची मुख्य धून ब्रेकवॉटर या अमेरिकन फंक बँडच्या 1980 मधील 'रिलीज द बीस्ट' या गाण्यातून उचललेली आहे. उचलण्याला माझा आक्षेप नाही, या जोडीचे अर्धे वैभव उचललेल्या तुकड्यांवरच उभे आहे. पण 'डिस्कव्हरी'त उचललेला तुकडा अनेकदा चिरून, उलटसुलट करून, ओळखू येणार नाही इतका बदलून येतो आणि इथे तो जवळजवळ जसाच्या तसा, मिनिटांमागून मिनिटे समोर ठेवलेला आहे. 2005 मध्ये एखाद्या समीक्षकाने हे ऐकून 'यात तुमचे काय?' असे विचारले असेल, तर त्याला मागासलेला ठरवणे अन्यायाचे आहे.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मत कशामुळे बदलले, याचे माझ्या मते सरळ उत्तर आहे: मैफलींमुळे. 29 एप्रिल 2006 रोजी कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात ही जोडी प्रकाशाच्या पिरॅमिडमध्ये बसून वाजवताना दिसली आणि पुढच्या वर्षभरात तोच कार्यक्रम अनेक देशांत झाला. 14 जून 2007 रोजी पॅरिसमधल्या बेर्सी येथे झालेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण 'अलाइव्ह 2007' म्हणून निघाले आणि त्याला 2009 मध्ये इलेक्ट्रॉनिक/नृत्यसंगीत अल्बमचा ग्रॅमी मिळाला. तिथे 'ह्यूमन आफ्टर ऑल'मधली सामग्री पुष्कळ वाजते, परंतु एकटी क्वचितच वाजते. 'टेलिव्हिजन रूल्स द नेशन' हा ट्रॅक 'डिस्कव्हरी'तल्या 'क्रेसेंडॉल्स'शी सांधलेला आहे. इतर ट्रॅकही असेच तुकडे करून, जुन्या गाण्यांच्या ओळखीच्या सुरांवर चढवून आणले आहेत. लोकांना आवडले ते हे. त्या आवडीची पावती मागच्या तारखेने 2005 च्या तबकडीला देणे म्हणजे हिशेबात घोळ करणे होय. त्या वेळच्या समीक्षकांनी आपल्यापुढे ठेवलेल्या वस्तूचे मोजमाप केले, पुढे होणाऱ्या मैफलीचे नव्हे.

खर्जवादी

मी हौस म्हणून घरी इलेक्ट्रॉनिक संगीत रचतो, त्यामुळे वादाच्या निकालापेक्षा आवाजाच्या घडणीबद्दल लिहितो. ध्वनिवेध यांचे लक्ष तिसऱ्या ट्रॅकनंतर का उडाले, याचे एक तांत्रिक कारण आहे असे मला वाटते.

नव्वदच्या दशकातल्या फ्रेंच हाउस या नृत्यसंगीताच्या शैलीत लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, सतत तोच असला तरी तो स्थिर नसतो. त्यावर फिल्टर बसवलेला असतो. सुरुवातीला वरच्या कंपनसंख्या अडवलेल्या असतात, म्हणून संगीत भिंतीपलीकडून येत असल्यासारखे ऐकू येते. मग फिल्टरचे बटण हळूहळू फिरवून ते उघडत नेतात आणि त्याच चार ठोक्यांच्या लूपमधून झांजा, कंठ, गिटारचा झंकार एकामागून एक बाहेर येतो. सूर एकही बदललेला नसतो, तरी कानाला काहीतरी घडत असल्याची जाणीव होते. जोडीला आवाजाची पातळी दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची एक युक्ती असते: ड्रमच्या प्रत्येक खर्ज ठोक्याबरोबर, म्हणजे किकबरोबर, बाकीचे सगळे क्षणभर दबते आणि पुन्हा वर उसळते, त्यामुळे लूप श्वास घेतल्यासारखा हलतो. 'होमवर्क' ऐकताना पुनरावृत्ती जाचत नाही, ती या दोन गोष्टींमुळे.

'ह्यूमन आफ्टर ऑल'मध्ये फिल्टरचा हा खेळ फारच कमी आहे. त्याच्या जागी डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका आणि खरखरीत करणे, आहे. डिस्टॉर्शनचा स्वभाव असा की ते मूळ सुराला वरच्या हार्मोनिक्सची, म्हणजे त्याच्या पटीतल्या कंपनसंख्यांची, भर घालते आणि त्याच वेळी हळू व मोठ्या आवाजातले अंतर पुसून टाकते. म्हणजे पहिल्याच आवर्तनात आवाज तुडुंब भरलेला असतो आणि पुढे उघडून दाखवण्यासारखे त्यात काही उरत नाही. आता फरक करायचा तर थर चढवणे आणि थर उतरवणे एवढाच मार्ग राहतो. काही ठिकाणी तो फार चांगला वापरला आहे. 'द प्राइम टाइम ऑफ युअर लाइफ'च्या शेवटाकडे ठोका वेग घेत जातो आणि इतका घेतो की ताल मोडून नुसता घरघराट उरतो. हा प्रसंग मी कितीही वेळा ऐकू शकतो. 'मेक लव्ह' हा उलट प्रकृतीचा, जवळजवळ न बदलणारा आणि मंद ट्रॅक आहे. त्याच्यावर डिस्टॉर्शनची दाटी नाही म्हणूनच बहुधा त्याची पुनरावृत्ती मला शांत करते, चिडवत नाही.

साक्षेपी यांच्या मैफलीच्या मुद्द्याला यातून एक उत्तरही मिळते. ज्या ट्रॅकमध्ये स्वररचना दाट असते तो दुसऱ्या ट्रॅकवर चढवणे कठीण जाते, कारण दोन्हीकडचे सूर एकमेकांवर आदळतात. जिथे एकच धून आणि एकच ठोका आहे तिथे जागा मोकळी असते. हा अल्बम मैफलीत इतका उपयोगी पडला तो या मोकळ्या जागेमुळे. ती त्यांनी आधीच मनात धरून ठेवली होती की नंतर सापडली, हे मात्र त्या दोघांनाच ठाऊक.

मंद्र

खर्जवादी यांचे आभार. साक्षेपी यांना एवढेच विचारतो की मोकळी जागा ठेवणे हा रचनेचा गुण धरायचा की नाही? मैफलीचा आरंभ 'रोबोट रॉक'ने होत असे, आणि हजारो माणसांसमोर कार्यक्रम उघडण्याचे ओझे त्या उघड्याबोडक्या धुनेने पेलले. शिवाय दुष्काळावरच्या कादंबरीचा दृष्टान्त नृत्यसंगीताला लागू पडत नाही. कादंबरीत पुनरावृत्ती हा अपघात असतो, इथे ती पाया असते.

साक्षेपी

रचनेचा गुण धरतो, अल्बमचा धरत नाही. पैसे मोजून तबकडी घरी नेणाऱ्याला पुढची मैफल गृहीत धरून ऐकायला सांगता येत नाही. त्याच्या हातात मोकळी जागाच तेवढी येते. पाया असण्याबद्दल वाद नाही, पण घर म्हणून विकायचे तर पायावर काहीतरी बांधलेले असावे.

दशांश

वाद रंगला आहे, तरी ध्वनिवेध यांनी दिलेल्या आकड्यांकडे कोणी पाहिले नाही, म्हणून लिहितो.

57 हा आकडा 'संमिश्र' या शब्दाचा पुरावा म्हणून दिला जातो. मेटाक्रिटिकवर संगीताच्या बाबतीत 40 ते 60 या पट्ट्यात येणाऱ्या अल्बमला जी चिठ्ठी लागते तिचा अर्थ 'संमिश्र किंवा सर्वसाधारण' असा होतो. यातल्या 'किंवा'ने मोठा गोंधळ केला आहे. सगळ्या समीक्षकांनी खांदे उडवून 'ठीक आहे' म्हटले तरी सरासरी 57 येईल, आणि निम्म्यांनी डोक्यावर घेऊन निम्म्यांनी कचऱ्यात टाकले तरीही ती तेवढीच येईल. पहिल्या प्रकारचा अल्बम विस्मृतीत जातो आणि दुसऱ्या प्रकारच्या अल्बमवर लोक वर्षानुवर्षे भांडत बसतात. वरचे प्रतिसाद पाहता 'ह्यूमन आफ्टर ऑल' कोणत्या प्रकारात मोडतो, हे वेगळे सांगायला नको. त्यातून ही सरासरीही साधी नसते. काही प्रकाशनांना अधिक वजन दिले जाते, आणि कोणी तारे देतो, कोणी दहापैकी गुण देतो, कोणी नुसतेच लिहितो. हे सगळे शंभराच्या मापात बसवताना बरेच काही आकसते.

पिचफोर्कचे प्रकरण तर याहून बोलके आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये, म्हणजे फेब्रुवारीत या जोडीने फारकत जाहीर केल्यानंतर काही महिन्यांनी, पिचफोर्कने आपल्या काही जुन्या परीक्षणांचे गुण नव्याने ठरवून एक यादी छापली. 'डिस्कव्हरी'ला 2001 मध्ये दिलेले 6.4 गुण त्यात थेट 10 झाले. ज्या 'डिस्कव्हरी'च्या मापाने 'ह्यूमन आफ्टर ऑल' उणा ठरला असे मंद्र म्हणतात, त्या 'डिस्कव्हरी'चे मापही त्या काळी निर्विवाद नव्हते, हे यावरून दिसते. त्याच यादीत 2013 चा 'रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज' मात्र 8.8 वरून 6.8 वर उतरला. हा तोच अल्बम, ज्याची मेटाक्रिटिकवरची सरासरी 87 आहे आणि ज्याला 2014 मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमच्या पुरस्कारासह ग्रॅमी मिळाले. एक वर गेला, एक खाली आला, आणि 'ह्यूमन आफ्टर ऑल' त्या यादीत नव्हताच. त्याचे 4.9 जिथल्या तिथे राहिले.

म्हणून 'समीक्षकांनी मत बदलले' हे विधान या अल्बमपुरते मला सैल वाटते. मत बदलल्याचे लेख पुष्कळ आहेत हे खरे, परंतु ते बहुतेक वेगळ्या माणसांनी लिहिले आहेत. 2005 मध्ये जे विशीत होते आणि 'अलाइव्ह 2007' ज्यांच्या तरुणपणाचा भाग झाला, ते पुढे लिहू लागले. एका पिढीचे मत पालटण्यापेक्षा लेखणी दुसऱ्या पिढीच्या हाती जाणे अधिक वेळा घडते.

सहप्रवासी

थोडे विषयाच्या कडेने. असाच प्रवास जस्टिस या दुसऱ्या फ्रेंच जोडीच्या वाट्याला आलेला दिसतो. त्यांच्या 2007 च्या पहिल्या अल्बमचा खरखरीत, विकृत केलेला आवाज मला 'ह्यूमन आफ्टर ऑल'चा थेट वारसदार वाटतो, आणि त्याचे कौतुकही झाले. 2011 च्या 'ऑडिओ, व्हिडिओ, डिस्को'मध्ये त्यांनी तो आवाज सोडून जुन्या रॉककडे वळण घेतले, तेव्हा स्वागत पुन्हा संमिश्र. आणि ग्रॅमी मिळाला तो 2019 मध्ये 'वुमन वर्ल्डवाइड'ला, म्हणजे मैफलीसाठी नव्याने बांधलेल्या आपल्याच गाण्यांच्या संचाला. 2016 च्या मूळ 'वुमन'ला तो मान मिळाला नव्हता. दोन उदाहरणांवरून नियम काढू नये, पण साक्षेपी यांच्या बाजूला हे वजन पडते, असे मला वाटते.

ध्वनिवेध

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून मी अल्बम आणखी दोनदा ऐकला. एकदा खर्जवादी यांनी सांगितल्याप्रमाणे थर मोजत, आणि एकदा ट्रॅकगणिक थांबून, लगेच 'अलाइव्ह 2007'मधले त्याचे रूप ऐकत.

थर मोजत ऐकणे मला मानवले. 'द प्राइम टाइम ऑफ युअर लाइफ'चा शेवट पहिल्या वेळी माझ्या लक्षातच आला नव्हता, बहुधा तोवर मी दुसरे काहीतरी करू लागलो होतो. 'मेक लव्ह' आता आवडीच्या यादीत आहे. 'टेक्नॉलॉजिक'मधली ती न संपणारी आज्ञांची माळ पूर्वी त्रासदायक वाटत होती, ती आता थोडी भीतीदायक वाटते, आणि तसे वाटावे हाच बहुधा हेतू असावा. 'रोबोट रॉक'बद्दल मात्र मी साक्षेपी यांच्याच बाजूला आहे. तबकडीवर तो मला दीड मिनिटापलीकडे नको वाटतो आणि मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तोच आरंभाला आला की अंगावर काटा येतो. गर्दीचा आवाज त्यात मिसळलेला आहे, हे कारण असेल तर तेही मी नाकारत नाही.

दशांश यांच्या 'किंवा'ने माझ्या पहिल्या प्रश्नाची बैठकच बदलली. मी सर्वसाधारण अल्बम ऐकायला बसलो होतो, म्हणून तिसऱ्या ट्रॅकला उठलो. कोणीतरी भांडण लागलेला अल्बम म्हणून हातात दिला असता, तर कदाचित निदान रागाने तरी पूर्ण ऐकला असता.

यापुढे जस्टिस ऐकायला घेणार आहे. 'वुमन' आधी ऐकावा की 'वुमन वर्ल्डवाइड'?

साक्षेपी

'वुमन' आधी ऐका. आणि एक विनंती: 'वर्ल्डवाइड' लावण्यापूर्वी आपले मत इथे लिहून ठेवा, म्हणजे नंतर ते बदललेच तर कशामुळे बदलले यावर आपल्याला पुन्हा भांडता येईल.

मंद्र

मी उलट क्रमाने ऐकतो आणि माझेही लिहून ठेवतो.